न पोळणारा धूर

खोडे मास्तरांनी आयुष्यात कधी तंबाखू ओढली नाही. विडी नाही, सिगारेट नाही. लहानपणी वडिलांची चिलीम भरून देण्याचे काम त्यांच्याकडे होते, पण तिला त्यांनी तोंड लावले नाही. असे असूनही अमरावती, अकोला आणि परतवाडा मिळून बारा माणसे त्यांनी घडवलेल्या पाईपातून तंबाखू ओढत असत, आणि त्यांतले बहुतेक जण दुसऱ्या कुठल्या पाईपाला हात लावायला तयार नसत. त्या बाराजणांपैकी एक माझे थोरले बंधू होते. ते जाऊन आता काही वर्षे झाली. मास्तर गेल्याचे पत्र गेल्या महिन्यात मोर्शीहून आले. त्यांच्या पुतण्याने लिहिलेले, चार ओळींचे. उत्तर लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की चार ओळींत मला ते जमणार नाही.

अमरावतीच्या एका हायस्कुलात आम्ही अकरा वर्षे बरोबर होतो. मी मराठी शिकवीत असे, ते सुतारकाम. सुतारकामाच्या मास्तरांचे आडनाव खोडे असावे, याचा मुलांना दरवर्षी नव्याने आनंद होई. मास्तरांना त्याचे काही वाटत नसे. "आडनाव बापानं देलं, लाकूड मी पसंद केलं," एवढेच म्हणत. घर मोर्शीकडे, काळ्या जमिनीचे आणि संत्र्याच्या बागेचे. धाकट्याने शेती पाहावी आणि थोरल्याने शिकावे असे ठरले होते. थोरल्याने शिकून शेवटी रंधा हातात घेतला, याचे वडिलांना मरेपर्यंत नवल वाटले, असे ते सांगत.

अंगाने उंच आणि हाडकुळे. धोतर, त्यावर खाकी कोट, आणि कोटाच्या वरच्या खिशात सुतारी पेन्सिल, चपटी, नेहमी चाकूने तासलेली. वर्गात त्यांचा आवाज रंध्याच्या आवाजावरून ऐकू येई. "अबे बयताड, रंधा होय थो, वखर नाई! हलका धर." वखर चालवणाऱ्यांचीच मुले ती, त्यांना लगेच कळे.

त्यांच्या बोलण्यात 'ळ' नव्हता. जळते ते त्यांचे जयते, आणि पोळते ते पोयते. मराठीचा शिक्षक म्हणून मी एकदा गमतीने टोकले. तेव्हा नाक न फुगवता म्हणाले, "गुरुजी, तुमचा थो ळ तुमीच सांभाया. मले लागत नाई."

लाकूड ते जिभेने ओळखत. ढलपी काढायची, दाढेखाली धरायची, डोळे मिटायचे, मग थुंकायचे आणि नाव सांगायचे. मुख्याध्यापकांच्या खोलीत नवे सागवानी टेबल आले तेव्हा सगळे शिक्षक ते पाहायला गेलो. मास्तर खाली वाकले, टेबलाच्या पायाची एक बारीक ढलपी नखाने काढली आणि चघळू लागले.

"खोडे," मुख्याध्यापक म्हणाले, "टेबल खाऊ नका."

"साग नाई हा, सर. सालई हाय, रंग देलेली."

टेबल परत गेले नाही. मात्र त्यानंतर शाळेत कुठलेही लाकडी सामान आले की ते आधी मास्तरांच्या तोंडात जाई.

पाईपांचा उद्योग सुरू झाला तो माझ्या भावामुळे. दादा अकोल्याला वकिली करीत. चोपन्न-पंचावन्न साल असेल, विदर्भ अजून मध्य प्रदेशात होता. एका खटल्यासाठी ते अमरावतीला आले आणि माझ्याकडे उतरले. निवृत्त होऊन गेलेल्या एका न्यायाधीशांनी भेट दिलेला विलायती पाईप त्यांच्याजवळ होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण तो फार पोळे. दिवसातून चार वेळा ओढला की जिभेची साल निघाल्यासारखी होई. मग दादा तोंडात खडीसाखर धरीत आणि पाईप दुसऱ्या दिवसापर्यंत खिशात पडून राही. त्यातच पाईपाच्या तोंडाला, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीला, चीर गेली होती.

मी त्यांना मास्तरांकडे नेले. मास्तरांनी पाईप उलटसुलट पाहिला, हुंगला, कड चाटली. "ठेवून जा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तेव्हा पाईप बाकावर पडला होता. भरल्या वांग्यासाठी चिरतात तसा, पण पार दोन तुकडे करून.

"मास्तर!" दादा ओरडले. "हा खून आहे!"

"खून नाई, वकीलसाहेब, पोस्टमार्टम. मेलेलाच होता थो." मास्तरांनी पेन्सिलीचे टोक आतल्या काळ्या नळीवरून फिरवले. "हे पाहा. धूर अठून निघते अन् सिद्दा तुमच्या जिभेवर येते. मधात कोठी थांबतच नाई. पोयणार नाई तं काय करन?"

"नवा करून द्याल?"

"देतो."

"किती दिवस लागतील?"

"सहा महिने."

"सहा महिने मी ओढू काय?"

"थे तुमचं तुमी पाहा. तुमी खटले किती वर्सं चालवता, मी इचारतो काय?"

दादा हसले. त्यांना तोडीस तोड बोलणारा माणूस आवडे. दोघांची जी मैत्री झाली ती त्या दोन तुकड्यांवर.

सहा महिन्यांचे आठ झाले. पाईपाच्या तोंडासाठी असे लाकूड हवे होते की जे जळणार नाही, तडकणार नाही आणि धुराला आपली चव लावणार नाही. बाभूळ तुरट निघाली. शिसवीने तोंड कडू केले. बोरीची गाठ बरी होती, पण तापल्यावर उलली. शेवटी लाकूड त्यांच्याच शेतात सापडले. आमच्याकडे संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. झाड म्हातारे होऊन वाळले की उपटून टाकतात, तेव्हा जमिनीखाली खुंटाची जी गाठ निघते ती शिंगासारखी घट्ट असते. लोक ती चुलीत घालीत. मास्तरांनी दोन पोती भरून अमरावतीला आणली.

त्या गाठी उकळून त्यांतला रस काढायचा होता. एवढे मोठे भांडे घरात एकच, आंघोळीच्या पाण्याचे. पंधरा दिवस गाठी त्यातच उकळत राहिल्या, आणि घरातली माणसे त्याच पाण्याने आंघोळ करीत राहिली. मी गेलो तेव्हा मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, "भाऊजी, लोकाच्या घरी जेवाले रस्सा भेटते. आमच्या घरी आंघोयीले."

दांडी बांबूची. तो परतवाड्याच्या एका रेंजरसाहेबांनी मेळघाटातून स्वतः निवडून दिला, बदल्यात दुसरा पाईप आपला असे बजावून. बांबूच्या तीन पेरांचा तुकडा घ्यायचा. पेराच्या आत पडदा असतो, त्याला तापल्या तारेने भोक पाडायचे. पण एका पडद्याला वर, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याला पुन्हा वर. धूर वळत वळत येतो, वाटेत त्याचा ओलावा बांबूत राहतो आणि ओठांशी पोचेपर्यंत तो गार होतो. ओठात धरायचा तुकडा म्हशीच्या शिंगाचा, कंगवे करणाऱ्या एका कारागिराकडून आणलेला. सांगायला सोपे आहे. भोक दोराभर जरी मोठे झाले तर धूर तापतो, लहान झाले तर ओढणाऱ्याचे गाल दुखतात.

स्वतः ओढत नसल्यामुळे तपासणीची अडचण होती. ती त्यांनी सायकलच्या पंपाने सोडवली. पंपातला चामडी वायसर उलटा बसवला की पंप हवा सोडण्याऐवजी ओढतो. पाईप पेटवायचा, त्याला पंप जोडायचा, दांडा मागे घ्यायचा. मग आत आलेला धूर हळूहळू मनगटाच्या आतल्या बाजूवर सोडायचा. बाळाचे दूध पाहतात तसे. एकदा मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. आत निळा धूर भरला होता.

"शाळेत तंबाखू कोण ओढतंय?"

"पंप, सर," मास्तर म्हणाले.

पाईप दादांच्या हाती पडला तेव्हा त्यांनी आरामखुर्चीत बसून तो पेटवला. मास्तर समोर उकिडवे बसले होते. पाच मिनिटे त्यांची नजर दादांच्या ओठांवर होती.

"पोयते काय?"

दादांनी मान हलवली. "मास्तर, नळीतून पहाट येते आहे."

मास्तरांना अलंकार कळत नसत. "थे राहू द्या. पोयते का नाई पोयत, तेवढं सांगा."

"नाही पोळत."

एवढाच मोबदला ते घेत. पुढे पाईप मागायला माणसे येऊ लागली, एक डॉक्टर, दोन प्राध्यापक, एक कापसाचे व्यापारी. पण अट सगळ्यांना एकच. दर महिन्याला एक कार्ड टाकायचे: पोळते, किंवा पोळत नाही. कार्ड चुकले तर मास्तर स्वतः दारात हजर होत. आलेली कार्डे ते वर्कशॉपमध्ये खिळ्याला अडकवलेल्या तारेत ओवून ठेवीत. दादांचे कार्ड आले की ते आधी मला वाचायला देत, कारण त्यात काही ना काही असे. "वादीच्या जिभेस कोणतीही इजा झालेली नाही. सबब दावा काढून टाकावा." मास्तर हसत नसत, पण ते कार्ड दिवसभर कोटाच्या खिशात ठेवीत.

असे सहा-सात वर्षे चालले. पाईप दादांच्या हातातला सहावे बोट होऊन बसला होता. सकाळी अशिलांपुढे, कोर्टातून आल्यावर, वाचताना, जेवणाआधी, जेवणानंतर. आम्हाला त्यात वावगे दिसले नाही. धूर गार होता.

मग दादांचा आवाज बसला. थंडीचे दिवस होते म्हणून कोणी मनावर घेतले नाही. थंडी गेली, उन्हाळा आला, आवाज उघडेना. कोर्टात न्यायाधीशांना पुढे वाकून ऐकावे लागे. नागपूरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि जे सांगायचे ते मला बाजूला घेऊन सांगितले. तंबाखू बंद, हे मात्र दादांसमोरच सांगितले. मी मास्तरांजवळ यातले काही बोललो नाही.

त्यांना ते कार्डावरून कळले. एके दिवशी माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात दादांचे अक्षर होते. "जीभ निर्दोष. घशाच्या खटल्यात तारीख पुढे ढकलली आहे."

"गुरुजी, हे घशाचं काय होय?"

मी सांगितले. त्यांनी कार्ड घडी न घालता खिशात ठेवले. "चाला," म्हणाले. "रविवारी अकोल्याले जाऊ."

बडनेऱ्याहून गाडीने आम्ही गेलो. वाटेत ते खिडकीबाहेर पाहत होते. दादा पलंगावर टेकून बसले होते. एव्हाना आवाज पार गेला होता, उशीपाशी पाटी आणि पेन्सिल होती. मास्तरांना पाहून त्यांचा चेहरा खुलला. पाटीवर लिहिले, "पोळत नाही."

मास्तर खुर्चीत बसले नाहीत. पलंगाजवळ उभे राहिले.

"वकीलसाहेब, एक इचारू? खरं सांगा. थो विलायती पाईप होता, तवा दिवसातून किती डाव ओढत होते?"

दादांनी लिहिले, "चार."

"अन् माह्या पाईपावर?"

दादांनी पेन्सिल खाली ठेवली. हाताने ते जाऊ द्या अशी खूण केली. मास्तर हलले नाहीत. दारात वहिनी औषधाची वाटी घेऊन उभ्या होत्या. वहिनींच्या मनात राग नव्हता. त्यांना विचारले म्हणून त्यांनी सांगितले.

"मोजदाद कशी ठेवणार, मास्तर? पहिले जीभ पोळली की आपोआप खाली ठेवत. तुमचा आला, तेव्हापासून खाली ठेवलाच नाही."

दादांनी पाटी ओढून घेतली, भराभर लिहिले आणि मास्तरांपुढे धरली. "आरोपी मी आहे. तुम्ही फक्त हत्यार चांगले केलेत." विनोद करून मास्तरांना मोकळे करायचे, एवढाच त्यांचा हेतू होता. मास्तरांनी एकेक शब्दावर बोट ठेवून ते वाचले. वाचून झाल्यावर पाटी दोन्ही हातांनी परत दिली आणि दादांच्या पायांना हात लावला. वयाने ते दादांपेक्षा मोठे होते.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "मास्तर, तंबाखू दादांनी ओढली. आणि हे दुखणे तंबाखूनेच झाले असे तरी कोण छातीठोक सांगेल?"

"थे डाक्टरले माईत," ते म्हणाले. "मले माह्यापुरतं माईत हाय. जीभ पोयत होती तवा हात थांबत होता. थो हात मी मोकया केला."

दादा पुढे तीन महिने होते. मास्तर दर रविवारी अकोल्याला जात. अंत्यविधीच्या दिवशी ते सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी अकरा कार्डे टाकली. मजकूर सगळ्यांना एकच: "पाईपाच्या कामात चूक राहिली आहे. परत पाठवावा."

तीन पाईप आले. बाकीच्यांची उत्तरे आली. आमच्या पाईपात काही चूक नाही, असे प्राध्यापकांनी कळवले. डॉक्टरांनी लिहिले की तुमची चूक इतकी उत्तम आहे की आमच्या मेव्हण्यांसाठी तशीच आणखी एक करा. मास्तरांना यातले हसू दिसले नाही. सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन ते एकेकाच्या घरी जाऊ लागले. जे परत देत त्यांचे घेत. जे देत नसत त्यांना म्हणत, "बरं, मंग साफ तरी करून देतो." बांबूची दांडी काढायची, सरळ लोखंडी सळई लाल करायची आणि तिन्ही पडद्यांतून एका रेषेत आरपार घालायची. बाहेरून पाईप होता तसाच दिसे. आतून तो दादांच्या त्या विलायती पाईपासारखा झालेला असे.

ज्या हातांनी आठ महिने ती भोके वर-खाली पाडली होती, त्याच हातांना ती सरळ करायला पाच मिनिटे पुरत. मला ते पाहवत नसे.

"निदान सांगून तरी करा," मी म्हणालो.

"सांगतो ना. कार्ड टाकलं. घरी जाऊन सांगतलं, हे तुमाले मारन. म्हंतात, मास्तर, तुमी लाकडाचे माणूस. आता लाकडाचं जे येते थे करून राहिलो."

शेवटी एक पाईप राहिला, परतवाड्याच्या रेंजरसाहेबांचा. ते निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झाले होते, मोटारस्टँडजवळ रस्त्याला लागून घर बांधून. दोनदा मास्तर जाऊन आले होते, दोनदा साहेबांनी पाईप हातचा सोडला नव्हता. मला तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत जागा मिळाली होती. वहिनींजवळ कोणीतरी असणे जरूर होते. अमरावती सोडण्यापूर्वीच्या रविवारी मी मास्तरांबरोबर परतवाड्याला गेलो.

"या मास्तर, या! पुन्हा मागायला आलात काय?" साहेब ओसरीवर बाजेवर बसले होते. पाईप तोंडात होता.

"नाई साहेब, मागत नाई. साफ करून देतो."

चहाच्या शेगडीत सळई तापली. बांबू जळल्याचा वास ओसरीभर पसरला. "अरे, एवढा जाळ कायले?" साहेबांनी विचारले. मास्तरांनी सळई बाजूला ठेवली. दांडी परत बसवली, कोटाच्या टोकाने पुसली आणि पाईप साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तंबाखू भरली, काडी लावली. तिसऱ्या झुरक्याला त्यांनी पाईप तोंडातून काढला.

"मास्तर! हे काय करून ठेवलं? पोळून राहिला की!"

"हाव."

"हाव काय? दुरुस्त करा!"

"दुरुस्तच केला, साहेब. पहिले बिघडलेला होता."

साहेब बरेच बोलले. त्यांनीच दिलेल्या बांबूची आठवण काढली, मैत्रीची काढली, म्हातारपणी माणसाला एक सुख असते तेही तुम्हाला बघवत नाही म्हणाले. मास्तर ऐकत राहिले. मग साहेबांनी पाईप बाजेशेजारच्या स्टुलावर आपटला, पाठ फिरवली आणि वर्तमानपत्र उघडले. मास्तर ओसरीची पायरी उतरून सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले.

चारच्या मोटारीची वेळ झाली होती. मी तसे म्हणालो.

"तुमी जा, गुरुजी. मी मागच्या गाडीनं येतो."

"आता कशासाठी थांबता? काम तर झालं."

"पायतो थोडं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "उचलते काय थे."

मला दुसऱ्या दिवशी अकोल्यात रुजू व्हायचे होते. मी नमस्कार केला आणि निघालो. मोटार स्टँडवरून निघाली ती त्याच घरावरून गेली. माझी जागा त्या बाजूच्या खिडकीशी होती. साहेबांच्या तोंडापुढे वर्तमानपत्र होते. त्यांचा एक हात पत्रामागून बाहेर आला, स्टुलापर्यंत गेला, तिथे जरा चाचपडला आणि चष्मा घेऊन परत गेला. मी खिडकीतून हात हलवला. मास्तरांनी पाहिले नाही. दोन्ही गुडघ्यांना हातांची मिठी घालून ते पायरीवर बसले होते आणि त्या स्टुलाकडे बघत होते.